खोडलेलं वाक्य

४ फेब्रुवारी १९८६
कॉलेजातून आले तर शेजारच्या सावंतकाकू जिन्यातच भेटल्या. पासपोर्टच्या चौकशीला एक माणूस आज पुन्हा येऊन गेला म्हणे. साध्या कपड्यात. मी काय शिकवते, घरी कोण येतं-जातं, कुणी फॉरेनर? काकूंनी सुनावलं, आमच्या मुलुंडात कसला आलाय फॉरेनर. जिनीव्याच्या परिषदेत पेपर वाचायला जायचं तर चौकशी होणारच. पण परत परत?

६ फेब्रु.
आज तो मलाच भेटला. सभ्य. चहा घेतला. पेपरचा विषय काढला. सांगितलं, अंतराळाच्या करारात अण्वस्त्रं कक्षेत ठेवायला बंदी आहे, बाकी शस्त्रांबद्दल करार गप्प. त्या पळवाटेवर लिहितेय. उठताना सहज म्हणाला, "पण ही पळवाट आम्हीही वापरणार नाही, असं भारताने आधी लिहून द्यावं, हे जरा जास्तच नाही का, मॅडम?"
ते वाक्य मी कच्च्या मसुद्यातच खोडलं होतं. टाइप केलेल्या प्रतीत नाही. मसुदा घराबाहेर गेलेला नाही. माझ्याशिवाय वाचला तो फक्त अरुणने. माझ्या नवऱ्याने.

७ फेब्रु.
विचारलं नाही. भाजी निवडताना त्याच्याकडे बघत राहिले. पेपर ऐकतो, चुका काढतो, कॉलेजच्या लोकांपेक्षा बरा वाचतो. छे, काहीतरीच. पण मग कोण?
मागच्या महिन्यात त्याने माझ्या जाण्याच्या तारखा विचारल्या होत्या, साहेबांना हव्यात म्हणून. त्याच्या साहेबांना त्या कशाला हव्या होत्या?

९ फेब्रु.
विचारलं.
"ऑफिसात बोललो असेन गं. कौतुकानेच."
"नेमकं तेच वाक्य?"
"तेच लक्षात राहिलं."
मग म्हणाला, या वर्षी राहू दे ना. सरकारी नोकरी, प्रमोशन तोंडावर, साहेब उगाच... आमटी वाढून घेतली.

१५ फेब्रु.
वाक्य परत घातलं. बाकीचा पेपर कुणीही लिहिला असता.

२१ फेब्रु.
पासपोर्ट आला. अरुणने पेढे आणले, काकूंनाही नेऊन दिले. खूश दिसत होता. खराच, असं वाटलं.
पेपर पुरा झाला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्याला वाचायला दिला नाही.
त्यानेही मागितला नाही.