तिच्या आवाजातला नकार

३ जून
नोकरी लागली! ऑफिस म्हणजे दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्या आणि एक डुगडुगणारं टेबल. काम मात्र मनासारखं. घरात मार आणि छळ सोसणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना सुरक्षित जागा, वकील, शिक्षण मिळवून द्यायचं. सक्ती कुणावरच नाही. मुलाने स्वतः हो म्हटलं तरच आम्ही हलायचं. साहेबांनी हे इतक्यांदा बजावलं की मला हसू फुटलं. घरमालकीण काकूंनी माडीवरची खोली दिली आहे. आज गाढ झोपणार.

६ जून
पहिली मुलगी स्वतःहून आली. सतरा वर्षांची. शेजारीपाजारी तिला चिमणी म्हणतात. आईवडील नाहीत, आत्या सांभाळते. दंडांवर इस्त्रीचे चटके. बोलताना शब्दाशब्दाला अडखळते, पण मागे हटत नाही. "म-मला त्या घरात राहायचं ना-नाही." सोमवारी न्यायला येते, असं मी सांगितलं. जाताना स्वतःच्या अडखळण्यावरच म्हणाली, मी हो म्हणेपर्यंत तुमचं ऑफिस बंद व्हायचं! दोघी खूप हसलो.

९ जून
सकाळी तिचा साहेबांना फोन. मदत नको, रागाच्या भरात बोलले, आत्या फार जीव लावते. स्पीकरवर मीही ऐकलं. आवाज तिचाच, पण एकदाही अडखळली नाही. साहेब म्हणाले, भीती गेली की जीभ मोकळी होते. प्रकरण बंद. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चटकेसुद्धा स्वेच्छेनेच घेतले का तिने?

१० जून
दुपारी तिच्या घरी गेले. आत्याने हसून आत घेतलं, पाणी दिलं, माझं गाव, आई, खोली, सगळ्याची चौकशी करून मला बोलतं केलं. चिमणी कोपऱ्यात स्टुलावर. मी विचारलं, येतेस ना?
"नाही हो ताई, मी इथे सुखात आहे."
आवाज चिमणीचा, पण तिचे ओठ मिटलेले होते. आत्याचे हलत होते.
लपवायची तसदीही घेतली नाही बाईने. माझ्यावर विश्वास कोण ठेवणार होतं? मी चिमणीपुढे हात केला. तिने तो घट्ट धरला. पळालो.

१० जून, संध्याकाळ
माझ्या खोलीत आहोत. साहेबांना फोन केला तर तेच भडकले: आत्ताच तर म्हणालीस, मुलगी मजेत आहे! मी नव्हते — मी फोन केलाच नव्हता. वाटेत पोलिसांना फोनवर तक्रार दिली होती, तिथेही तेच. तक्रार मागे घेतलीत ना मॅडम, म्हणे. कुणी घेतली? माझा आवाज — पाणी पिताना मी किती बोलले —

११ जून
लिहून ठेवते. अक्षर तरी माझं आहे.
जिन्यावर पावलं. काकू, आणि बरोबर ती आत्या. ओरडले, काकू, उघडू नका, मी आत आहे!
"गप गं!" काकू बाहेरून कडाडल्या. "माझ्या भाडेकरणीचा फोन आला होता मला, ती खोलीत नाही म्हणून. तिचा आवाज काढून पोरगी पळवतेस? या बाईंना ऑफिसनंच पाठवलंय."
दुसरी किल्ली आहे काकूंकडे. टेबल दाराला लावलं. लिहितेच आहे — रागाने. फक्त रागाने.
चिमणीने खिडकी उघडली. रस्त्याकडे तोंड करून ओरडतेय, अडखळत, घसा फाटेस्तोवर. खाली माणसं थांबताहेत. एक बाई वर बघतेय —
किल्ली फिरली. टेबल सरकतंय —
चिमणे, थांबू नकोस, बोल, बो—