दोनशे चौदा हमालांचे गुडघे

मी, डॉ. राजलक्ष्मी माधव घोरपडे, वय सहासष्ट, अविवाहित, राहणार वाशी, नवी मुंबई, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. फुप्फुसे थकली आहेत, डॉक्टर दिवाळीपलीकडचे बोलत नाहीत. डोके मात्र ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने मला गुडघ्याबद्दल काहीही विचारावे.

१. वाशीचा फ्लॅट आणि बँकेतली शिल्लक माझी भाची डॉ. तेजश्री हिला मिळावी. सोसायटीच्या सेक्रेटरींना माझ्याकडून काही नाही. लिफ्टसाठी मी सात वर्षे अर्ज केले, तेही संधिवाताची डॉक्टर म्हणून.

२. माझा देह मेडिकल कॉलेजला द्यावा. माझे गुडघे विद्यार्थ्यांनी उघडून पाहावेत. आयुष्य खुर्चीत गेले तरी ते पार झिजले आहेत. रडारड नको.

३. आता मुख्य गोष्ट. कपाटातले दोनशे चौदा हमालांचे एक्स-रे आणि वह्याही तेजश्रीला. १९८२ पासून वाशीच्या कांदा-बटाटा बाजारातल्या या माणसांचे गुडघे मी दरवर्षी तपासले. हमालाचा गुडघा पंचेचाळिशीतच साठीचा होतो, असा निबंध मी लिहिला. त्याचे कौतुक झाले, मलाही ते आवडले.

निबंध चुकीचा आहे.

१९८९ साली ज्ञानू शिवराम शेलार या हमालाच्या तुर्भ्याच्या घरी चहा घेताना मी त्याचे वय एकोणपन्नास म्हणाले. त्याची बायको वेणूबाई खो खो हसली. "एकोणपन्नास? अवो बाई, माजा थोरलाच अडतीसचा हाय की!" ज्ञानू तिच्यावर डोळे वटारत राहिला. मग खरे कळले. हमालांच्या टोळीत काम मिळवण्याचे कार्ड काढताना वय तोंडी सांगायचे असे. म्हाताऱ्याला कोण घेणार, म्हणून चाळिशी ओलांडलेल्यांनी सरसकट आठ-दहा वर्षे कमी सांगितली होती. असे एकसष्टजण निघाले. मी कार्डावरची वये उतरवली होती. दात नाही पाहिले, नातवंडे नाही मोजली. शिकलेल्या बाईची चूक.

सगळ्यांची खरी वये गोळा झाली, त्या रात्री ती घालून सगळे पुन्हा मांडले आणि मी थक्क झाले. चाळीस वर्षे गोण्या वाहिलेले ते गुडघे त्याच वयाच्या कारकुनांच्या गुडघ्यांइतकेच शाबूत होते. हाडांमधली कूर्चा दोन-चार मिलिमीटरची; तिला ना रक्तवाहिनी, ना मज्जातंतू. तरी ती पन्नास किलो पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या माणसाला झेलते. एवढे देखणे काम मी दुसरे पाहिलेले नाही. (गोणी उचलणे चांगले, असा अर्थ कोणी काढू नये. कंबरांच्या वह्या वेगळ्या आहेत.)

दुरुस्ती मी छापली नाही. छापली असती तर एकसष्टजणांची कार्डे गेली असती. माझे नाव खोट्यासकट राहिले, त्यांची भाकरी राहिली. त्यांच्यातला शेवटचा कार्डाप्रमाणे २००३ मध्ये निवृत्त होईल. त्यानंतर तेजश्रीने ही दुरुस्ती माझ्या नावाने छापावी. त्याआधी एक अक्षर नाही; तोवर कलम ३ आणि ५ तेजश्रीखेरीज कोणी वाचू नये.

४. एक्स-रे पाहायची दिव्याची पेटी डॉ. रावसाहेब निकमांना. पुण्याच्या सभेत माझा निबंध ऐकून ते म्हणाले होते, "बाई, वयं एकदा तपासून घ्या." मी त्यांच्याशी बारा वर्षे बोलले नाही. रावसाहेब, तुमचे बरोबर होते. मी माफी मागते.

५. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असे वकील म्हणतात, म्हणून ज्ञानूला काही नाही. त्याला आज सगळे वाचून दाखवले. तो कार्डाप्रमाणे अठ्ठावन्न वर्षांचा आहे, अजून दोन वर्षे काम उरले आहे. सह्यांचे पान माझ्यामागे चारचौघांत वाचले जाईल, तेव्हा वयाची जागा कोरी ठेव, असे मी त्याला बजावले आहे.

ठिकाण : वाशी. रविवार, १४ जून १९९८.

(सही) राजलक्ष्मी घोरपडे

साक्षीदार :

१. मीना बाबासो जगदाळे, शेजारी, वय ४४. (सही)

२. ज्ञानू शिवराम शेलार, हमाल. वय अडुसष्ट. बाईंनी खरं लिवलंय, म्या बी खरंच लिवतो. (सही)