एका नावाचे पाच मालक

२ फेब्रुवारी, सकाळी, चहाआधी
आजपासून रोजनिशी. कोणी वाचायची नाही. हिने तर मुळीच नाही. म्हणून वही इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवतोय. घरात इस्त्री मीच करतो.

कालचा प्रसंग. दुकानात (चष्म्याचं दुकान, मालक मला सेल्समन म्हणतात, खरं तर मी नजरेचा सल्लागार आहे) एक गिऱ्हाईक आलं. माझ्या छातीवरचा बिल्ला वाचून एकदम खुललं. विचारलं, ड्रम वाजवणारे ते तुम्हीच का. मी म्हणालो, नाही. त्याचा चेहरा इतका पडला की मी माफी मागितली. कशाची, देव जाणे. फ्रेम न घेताच गेला. मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही ड्रम न वाजवून मी दुकानाचं नुकसान करतोय.

हे नेहमीचंच झालंय. तेच का तुम्ही? नाही. अरेरे. आपण दुसरं कोणीतरी नाही याबद्दल माणसाने किती दिवस दिलगीर राहायचं?

निश्चय: असं काही करायचं की लोकांनी त्या ड्रमरला रस्त्यात अडवून विचारावं, चष्म्याच्या दुकानातले ते तुम्हीच का. आणि त्याला नाही म्हणावं लागावं.

३ फेब्रुवारी
इंटरनेटवर स्वतःचं नाव शोधलं. नाव, आडनाव, सगळं तंतोतंत. सगळ्यात वर वेटलिफ्टर. पदकं गळ्यात मावत नाहीत. बाई आहेत. (आमचं नाव दोन्हीकडे चालतं. शाळेच्या पहिल्या दिवशी मला मुलींच्या रांगेत बसवलं होतं. तो विषय वेगळा.) मग लांब पल्ल्याचा एक धावपटू. मग तो ड्रमर. मग एक व्हायोलिनवादक, पांढऱ्या मिशांचे.

मी? बराच खाली. एका प्रेशर कुकरबद्दल मी लिहिलेला अभिप्राय: झाकण नीट बसत नाही.

म्हणजे मी आहे. सुरुवात वाईट नाही.

५ फेब्रुवारी
अंघोळ करताना कल्पना सुचली. सगळ्या नामबंधूंचं (आणि एका नामभगिनीचं) संमेलन भरवायचं. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. जो बोलावतो तो अध्यक्ष. जो अध्यक्ष तो पहिला. सरळ हिशोब आहे.

हिला सांगितलं. ही म्हणाली, आधी बाथरूमचा नळ बघा, परवापासून गळतोय. दूरदृष्टी सगळ्यांकडे नसते. नळ उद्या.

९ फेब्रुवारी
चौघांना मेसेज पाठवले. वेटलिफ्टरबाईंचं लगेच उत्तर, येते. धावपटू म्हणाला, रविवारी मोकळा आहे. व्हायोलिनवाल्यांच्या सुनेने कळवलं, बाबा येतील, फक्त जिना फार नको. ड्रमरने नुसता अंगठा पाठवला. मेहुणा म्हणाला, अंगठा म्हणजे होकारच समजायचा.

तारीख १ मार्च. नळ राहिला.

११ फेब्रुवारी
अध्यक्षाने काहीतरी करून दाखवायला हवं. नुसतं स्वागत कोणीही करतं.

विचार केला. वेटलिफ्टरबाईंना वाजवता येत नसणार. ड्रमरला पळता येत नसणार, फोटोत पोट दिसतं. म्हणजे खेळ आणि संगीत दोन्ही एकत्र येणारा या नावात एकही नाही. ती जागा रिकामी आहे आणि ती माझीच वाट बघतेय.

ठरलं. दोरीवरच्या उड्या मारता मारता माउथ ऑर्गन. माउथ ऑर्गन कॉलेजात थोडा वाजवला होता. उड्या काय, कोणालाही येतात.

१२ फेब्रुवारी
उड्या कोणालाही येत नाहीत.

कारणं: दोरी लांब आहे. चप्पल सैल आहे. गच्चीवर वारा फार. शिवाय दोन्ही हात दोरीत गुंतल्यावर माउथ ऑर्गन धरायचा कशाने? हा प्रश्न काल सुचला नव्हता. मोठ्या कल्पनांचं असंच असतं, हात मागाहून आठवतात.

१६ फेब्रुवारी
दुकानातल्या मोडक्या फ्रेमच्या काड्या तारेने बांधून गळ्यात अडकवायचा स्टँड केला. माउथ ऑर्गन बरोबर तोंडापुढे येतो. मालकांनी विचारलं, हे काय चाललंय. मी म्हणालो, संशोधन. ते म्हणाले, संशोधन जेवणाच्या सुट्टीत करा, समोर बाई मघापासून एकच डोळा झाकून बसल्यात.

प्रगती: वर उडालो की श्वास आत जातो, खाली आलो की बाहेर येतो. त्यामुळे दोनच सूर निघतात. पण खणखणीत निघतात. खालच्या मजल्यावरच्या काकू गच्चीवर आल्या. आधी विचारलं, मांजर कुठे अडकलंय का. मग म्हणाल्या, अहो, माझ्या बरण्या सरकतायत फळीवर. मी त्यांना संमेलनाचं आमंत्रण दिलं. त्यांनी हात जोडले. आदराने असावेत.

२१ फेब्रुवारी
छपाई. पाच बिल्ले आणि खुर्च्यांना लावायला पाच ठसठशीत पाट्या. सगळ्यांवर आमचं नाव. छापणाऱ्याने विचारलं, पाचही सारख्याच? मी म्हणालो, तेच तर वैशिष्ट्य आहे. तो म्हणाला, मग कोण कुठे बसणार ते कळणार कसं. दिवसभर अक्षरं बघून माणसाची कल्पनाशक्ती कशी आटते, पाहा.

खुर्च्या भाड्याने ठरवल्या. घडीच्या साठ, मधोमध एक मखमली, उंच पाठीची. ती अध्यक्षांची. दुकानदार म्हणाला, रविवारी माणूस नाही माझ्याकडे. टेम्पो येईल, पण चढवा-उतरवायचं तुमचं तुम्ही बघा, आणि एकच्या आत माल परत. मी हो म्हणालो. अध्यक्षाला कामाची लाज नसावी.

२६ फेब्रुवारी
सलग चार उड्या, सुरासकट! पाचवीला बसलो. म्हणजे आपटलो. पण बसलेला दिसलो.

सूत्रसंचालन मेहुणा करणार. तो मॉलमध्ये माइकवरून हरवलेल्या वस्तूंच्या घोषणा करतो, आवाज भारदस्त आहे. त्याला सांगितलं, तू फक्त नाव पुकार, बाकी मी बघतो.

ही म्हणाली, त्या उड्या राहू द्या हो, नुसते दोन शब्द बोला, छान बोलता तुम्ही. हिला माझ्या यशाची भीती वाटते. नळासाठी हिने परस्पर प्लंबर बोलावला. एक काम मार्गी लागलं.

१ मार्च, सकाळी
कोट इस्त्री केला. आज ठरेल, या नावाचा खरा मालक कोण ते.

१ मार्च, संध्याकाळी
क्रमाने लिहितो. कंबर दुखतेय, त्यामुळे थोडक्यात.

खुर्च्या वर न्यायला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ लागला. पाहुणे आले तेव्हा मी बनियनवर होतो आणि दोन्ही काखांत खुर्च्या होत्या. ड्रमरने मला विचारलं, बाथरूम कुठे आहे. मी दाखवलं. अध्यक्ष कोण आहेत हे त्याने विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही.

वाचनालयाचे सभासद बऱ्यापैकी जमले. कोट चढवून बाहेर येतो तर वेटलिफ्टरबाई मखमली खुर्चीत. मी नम्रपणे सुचवलं की ही खुर्ची राखीव आहे. त्यांनी मागे वळून पाटी वाचली आणि म्हणाल्या, हो, माझंच नाव आहे. उरलेल्या चारपैकी तीन पाट्यांवर तिघे बसले, पाचवीवर व्हायोलिनवाल्यांची सून. सासऱ्यांचंच नाव आहे, म्हणाली, मी बसले तर चालेल ना. मी उभा राहिलो. उभ्या माणसाकडे लक्ष जातं.

मेहुण्याने नाव पुकारलं. चौघंही उठले. मी होतोच उभा. मेहुणा गडबडला आणि सवयीने बोलून गेला, की हे नाव ज्यांचं असेल त्यांनी ओळख पटवून घेऊन जावं. हॉल हसायचा थांबेना.

मी संधी साधली. स्टँड गळ्यात, दोरी हातात. पहिल्या तीन उड्या निर्विवाद. चौथ्या उडीला दोरी स्टँडमध्ये, स्टँड कॉलरमध्ये आणि मी भिंतीला टेकवलेल्या जादा खुर्च्यांमध्ये. त्या एकेक करून माझ्यावर आल्या. शेवटचा सूर मात्र लांब लागला, असं ही म्हणते. वेटलिफ्टरबाई उठल्या, एका हाताने खुर्च्या बाजूला केल्या, दुसऱ्या हाताने मला उभं केलं. प्रचंड टाळ्या. कोणासाठी, यावर मतभेद होऊ शकतात.

मग ड्रमरने एका खुर्चीच्या पाठीवर बोटांनी ठेका धरला. व्हायोलिनवाल्यांनी पेटी उघडली. धावपटू पायाने ताल देत होता, बाई टाळ्या वाजवत होत्या. लोक दारातून परत आत आले. खरं लिहायचं तर फार सुंदर वाजवलं. मी एक खुर्ची हातात धरून ऐकत राहिलो, खाली ठेवायचं सुचलंच नाही.

मग प्रश्न आला, एकमेकांना हाक कशी मारायची. व्हायोलिनवाले म्हणाले, नावाचा उपयोग नाही, कामावरून ठरवू. वजनवाल्या. पळणारे. ड्रमवाले. ते स्वतः व्हायोलिनवाले. मग कोणीतरी विचारलं, आणि ते कुठे गेले? मी त्या वेळी घडी घालत होतो, एकच्या आत माल परत द्यायचा होता. ड्रमवाल्याने माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, हे आपले खुर्चीवाले.

सगळे हसले. मीपण हसलो. थोडं उशिरा.

सगळ्यांचा फोटो घ्यायचा ठरलं. कोणीतरी काढायला हवाच होता. मी काढला. चौकट अगदी बरोबर आलीय, नजरेचं काम आहे माझं.

४ मार्च
पेपरात बातमी, फोटोसकट! आमचं नाव पाच वेळा आलंय. चार बातमीत आणि एक फोटोखाली बारीक अक्षरात, छायाचित्रकार म्हणून. तो मी. मालकांना दाखवलं. त्यांनी भिंगाने वाचलं आणि म्हणाले, अरे वा, त्या ड्रमरला फोटोही काढता येतात?

दुपारी एक गिऱ्हाईक आलं. बिल्ला वाचून विचारलं, पेपरात आले होते ते तुम्हीच का. आयुष्यात पहिल्यांदा मी हो म्हणालो. त्याने माझे दंड दाबून पाहिले, आणि म्हणाला, बाईंसारखे वाटत नाहीत हो.

५ मार्च
ड्रमवाल्याने फोनवर आम्हा पाच जणांचा ग्रुप केला. बाकीचे दिवसभर गप्पा मारतात. धावपटू बाईंना आहार विचारतो, ड्रमवाला आणि व्हायोलिनवाले मिळून काहीतरी बसवतायत. मी सकाळी शुभेच्छा पाठवल्या. वाचल्याची खूण दिसतेय. चौघांची.

वाईट वाटलं. हे कुठेतरी लिहायला हवं म्हणून लिहितो. यांची ओळख मी करून दिली, आणि आता त्यांच्यात माझी ओळख करून देणारं कोणी नाही.

ही म्हणाली, मला तर तुम्ही एकटेच माहिती आहात त्या नावाचे. मग म्हणाली, आणि तेवढे पुरेसे आहात. दुसरं वाक्य कोणत्या सुरात होतं ते नीट कळलं नाही.

८ मार्च
आनंदाची बातमी! दुसरं संमेलन. वेटलिफ्टरबाईंच्या गावी, मोठ्या स्टेडियममध्ये. ड्रमवाल्याने ग्रुपवर लिहिलं, तुमच्याशिवाय होणं शक्य नाही, तुम्ही यायलाच पाहिजे. मला! मी हिला स्वयंपाकघरातून ओढत आणून दाखवलं. दोघंही वाचत उभे होतो तेवढ्यात खाली दुसरा मेसेज आला. मागच्यासारख्याच घडीच्या, दीडशे मिळतील का, आणि टेम्पोचं तुम्हीच बघाल ना.

हिने माझ्या हातातला फोन हळूच घेऊन टेबलावर उलटा ठेवला आणि चहा टाकायला गेली.

बराच विचार केला. नाही म्हणता आलं असतं. अध्यक्ष कोण, हे विचारता आलं असतं. फोन सरळ केला. दीडशेची सोय होईल असं लिहिलं, आणि खाली ठामपणे पूर्ण नाव टाकलं, आडनावासकट.

धावपटूने लगेच विचारलं, आपल्यापैकी कोण बोलतंय?

मी लिहिलं, खुर्चीवाले.