मधलं नाव

रुवी, बुधवार, नोव्हेंबर २०१४

थकलोय. पर्सोनेलच्या फोल्डरमधल्या स्कॅन केलेल्या फायलींची नावं फार लांबलचक, म्हणून सकाळी पर्लमध्ये चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली: पहिला शब्द ठेव, शेवटचा ठेव, मधलं सगळं काढ. आपल्याकडे मधे वडिलांचं नाव असतं, ते गाळलं तरी माणूस ओळखू येतोच. असं आपलं मी धरून चाललो.

दुपारी पर्सोनेलचा हमूद, इथलाच ओमानी, टेबलाशी आला. "मिलिंदभाई, सालिम का बाप किधर गया?" शांतपणेच विचारलं. आमच्या कंपनीत एकाच कबिल्याचे कितीतरी सालिम कामाला आहेत. आडनाव कबिल्याचं, म्हणजे सगळ्यांचं एकच. कुठला सालिम हे 'बिन'च्या पुढच्या बापाच्या नावावरूनच कळतं. ते मी उडवल्यावर सगळ्या फायलींना एकच नाव मिळालं आणि प्रत्येक फाइल आधीच्या फायलीवर बसत गेली. शेवटी एकच सालिम उरला. बॅकअप? नव्हता घेतला. आधी नुसती नवी नावं छापून बघावीत, एवढंही का सुचू नये मला?

उद्या रुसैलच्या गोदामात मूळ कागदांची खोकी उघडून पुन्हा स्कॅनिंग. हमूद म्हणाला, "मैं भी आएगा, यल्ला, चलो." रागावला असता तर बरं वाटलं असतं.

बाप किधर गया. निघताना त्याच फोल्डरमध्ये माझी फाइल दिसली. तिच्यावरूनही माझ्या वडिलांचं, अण्णांचं नाव गेलेलं. सकाळी स्क्रिप्ट चालवल्यावर नमुना म्हणून तीच मी उघडून पाहिली होती, आणि नाव बरोबर आहे म्हणून बंद केली होती.