एका बिल्ल्यावर चाळीस बायका

ता. ९, मंगळवार

लवंगे,

अक्षर ओळखलंच असशील. कोंबडीचे पाय अजून तसेच आहेत. मी आहे. गुडघे गेले, जीभ तेवढी शाबूत. तुझी सून तुला सांभाळते, की तूच तिला?

माझी नात आपल्याच कारखान्यात शिवते. गेटला रंग नवा, बाकी तेच. चाळीस बायकांच्या रांगेला संडासाचा बिल्ला एकच. एक परत आली की दुसरीनं उठायचं. पोरगी दिवसभर पाणी पीत नाही. परवा मशिनवरच चक्कर येऊन पडली. सुपरवायझर म्हणतो, "घरून जेवून येत जा." मुडदा बसवला त्याचा!

समुद्रापलीकडे याच कंपनीचे शर्ट शिवणाऱ्या बायांनी काम बंद केलंय. त्यांनी आपल्या पोरींना फोटो पाठवला. तिथंही बिल्लाच गं! त्यांची भाषा कळत नाही, पण बिल्ला वर धरून उभ्या आहेत, ते न कळायला काय झालं? आता इकडच्या पोरीही अडून बसल्यात. कंपनी म्हणते, जुन्या बायकांची कधी तक्रार नव्हती, सह्यांचा कागद आहे.

कागद कुठला, ते तुला सांगायला नको.

'बिल्ल्याचा त्रास नाही, एकटी लवंगी चिथावते.' खाली पहिली सही माझी. सगळे म्हणतात, म्हातारी अडाणी, तिला काय वाचता येतंय! मीही इतकी वर्षं म्हणू दिलं. लवंगे, तुला तर ठाऊक होतं, मी चौथी शिकले होते. वाचून सही केली. घरात दोन लेकरं होती, भ्याले. तुला काढलं त्या दिवशी तू गेटवर माझी वाट बघत उभी होतीस. मी मागच्या दारानं गेले.

मग तुझं खिडकीजवळचं मशिन मला दिलं. वारा छान यायचा. मेला, एक दिवस अंगाला लागला नाही. डबा खाताना मात्र मी शेवटपर्यंत डावीकडे जागा सोडून बसायचे. कुणी बसायला आली की वस्सकन ओरडायचे.

शुक्रवारी अकराला कामगार कचेरीत सुनावणी आहे. तो कागद खोटा होता, हे मी सांगणार. पण एकटीनं सांगितलं तर म्हणतील, म्हातारीला भ्रम झालाय. ज्या बाईला काढलं ती शेजारी उभी असली तर कुणाची टाप आहे! माफी मागत नाही. द्यायची की नाही ते तुझं तू बघ. शिव्या द्यायच्या तर तिथंच दे, पण सुनावणी झाल्यावर.

खाली 'तुझी' लिहून खोडलंय. शुक्रवारी आलीस, आणि तुला वाटलं, तर तूच लिही.

शेजारच्या मशिनवरची