वाकड्या वेण्या

अर्नेस्टीन आई,

घर ठरलं! दोन्ही कॉलेजांचीच गावं, पण ॲन आर्बर नाही, तुम्ही म्हणत होतात तेच, काळी कुटुंबं जास्त असलेलं इप्सिलँटी.

घरं बघताना ॲन आर्बरला सगळ्यांनी तुमच्या नातीच्या, नाओमीच्या कुरळ्या केसांचं लांबूनच कौतुक केलं. इथल्या पार्लरवाल्या व्हर्नाताईंनी बघताच विचारलं, "या वेण्या कोणी घातल्या गं? कोंबडीनं?"

मी तुमची गोरी सून, वेण्या माझ्याच, पण घाबरून म्हणाले, "सासूबाईंनी."

त्या पोट धरून हसल्या. मला शेजारी बसवून त्यांनी सगळ्या वेण्या पहिल्यापासून शिकवल्या. नाओमी आरशात बघून म्हणाली, "आई, इथेच राहू या!"

पण पार्लर आपल्या घरासमोरच आहे. व्हर्नाताई म्हणतात, "सासूबाईंना आण, त्यांनाही शिकवते." चाळीस वर्षं अख्ख्या चर्चमधल्या मुलींच्या वेण्या घालणाऱ्या तुम्हाला!

म्हणून हे पत्र टाकत नाही; दुसऱ्यात एवढंच लिहिते: आई, याल तेव्हा मागच्या दारानं या.

तुमची घाबरट,
ग्रेटा