चौथा विद्यार्थी

ताई,

“मुलगा तुझ्या हट्टापायी देतेय, देवासाठी नाही,” तू म्हणाली होतीस. मी ते हसण्यावारी नेलं.

रविवारी चॅपलमधल्या उपासनेनंतर तुझा लेक म्हणाला, “मावशी, नुसते ओठ हलतात गं. माझा विश्वासच उरला नाही. घरी जाऊ?”

मी म्हटलं, “अरे, अर्धे पाळक असेच निभावतात! दीक्षा होईपर्यंत कुणाजवळ बोलू नकोस.” पाळक घडवणाऱ्या आमच्या या सेमिनरीत चारच मुलं उरलीत. तो गेला तर ती बंद होईल.

तो थांबला. आता रोज सगळ्यांच्या आधी उठून चॅपल झाडतो, जणू चूक त्याचीच आहे.

माझ्याने त्याला ‘जा’ म्हणवत नाही. तूच येऊन त्याला घेऊन जा. त्याला इथे आणल्यापासून तू माझ्याशी बोलत नाहीस; येणार नाहीस, ठाऊक आहे. तरी ये.

तुझी धाकटी